तीन मिनिटांचा तुकडा : व्हिडिओ भाषणांवरून इंग्रजी ऐकायला शिकवताना

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी पहिल्यांदा टेडचं (वेगवेगळ्या विषयांवरची छोटी भाषणं इंटरनेटवर देणाऱ्या संस्थेचं) भाषण दाखवलं, तेव्हा ते पूर्ण अठरा मिनिटं दाखवलं, खाली इंग्रजी सबटायटल लावून. मुलं गप्प बसून बघत होती. शेवटी टाळ्या झाल्या, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही बरी आली. दुसऱ्या दिवशी त्याच भाषणातलं एक मिनिट मी पडदा बंद ठेवून नुसतं ऐकवलं. कुणालाच काही सांगता येईना. सोलापूरच्या पूर्व भागातून येणारी, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, काल आम्ही ऐकलं नव्हतं, वाचलं होतं."

तिथपासून मी हा तास वेगळ्या पद्धतीनं घेते. सोलापुरात किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात तुम्ही नव्यानं इंग्रजी शिकवायला लागला असाल आणि इंटरनेटवरची भाषणं वर्गात वापरायचा विचार असेल, तर ती पद्धत इथे क्रमानं सांगते.

मुलं अडतात कुठे

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज आपल्यासमोर बसलेल्या मुलानं बारा वर्षं इंग्रजी वाचलेलं असतं. ऐकलेलं मात्र फार थोडं, कारण मराठी माध्यमात इंग्रजीचा धडाही बहुतेक वेळा मराठीतच समजावला जातो. मग पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राचं व्याख्यान इंग्रजीत सुरू होतं आणि पोरगं पहिल्या बाकावर बसूनही बाहेर पडतं. व्याख्यान ऐकणं हे गप्पा ऐकण्यापेक्षा अवघड आहे. बोलणाऱ्याला थांबवता येत नाही, विषय नवा असतो आणि ऐकता ऐकता लिहायचंही असतं.

पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. डोळ्याला ओळखीचा असलेला शब्द कानाला ओळखीचा नसतो. हे मुलांना पटवायला मी आपलीच बोली वापरते. पुस्तकी मराठी शिकून आलेल्या माणसाला विजापूर वेशीत कुणी "काय करूलालास?" असं विचारलं, तर तो क्षणभर थांबेल. करू, लागला, आहेस हे तिन्ही शब्द त्याला येतात, पण आपल्या तोंडात ते एकमेकांत मिसळून एकच झालेत. मी हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते. शेजारी लिहिते, 'व्हॉट आर यू गोइंग टू डू', आणि त्याखाली ते कानावर कसं पडतं ते: 'व्हॉटय गना डू'. 'शुड हॅव बीन'चं 'शुडव्बिन' होतं, 'अ लॉट ऑफ'चं 'अलॉटा' होतं. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षर पुरं उच्चारतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि आजूबाजूची अक्षरं दबतात. हे एकदा कळलं की मुलं "ते लोक गिळून बोलतात" म्हणणं सोडतात आणि कान लावायला लागतात.

आपल्या वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. ती रोज दोन-तीन भाषा कानानंच शिकलेली आहेत, हे त्यांना आवर्जून सांगा. अक्कलकोटच्या मुलाला कन्नड कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

भाषण निवडणं

टेडची भाषणं २००६च्या जूनपासून इंटरनेटवर मोफत आहेत. अठरा मिनिटांची मर्यादा प्रसिद्ध आहे, पण नवख्या वर्गासाठी मी सहा ते दहा मिनिटांचं भाषण शोधते आणि त्यातलंही एका तासाला तीन मिनिटांपेक्षा जास्त वापरत नाही. बोलणारा एकच असावा, मागे संगीत नसावं, आणि मुद्दा असा हवा की मुलांच्या डोक्यात त्याबद्दल आधीच काहीतरी असेल.

सांगोला, मंगळवेढ्याकडच्या मुलांना पाण्याबद्दल काही सांगावं लागत नाही. म्हणून माझी सुरुवात बहुतेक वेळा अनुपम मिश्र यांच्या भाषणानं होते. नोव्हेंबर २००९मध्ये म्हैसूरला टेडइंडिया झालं, त्यात ते राजस्थानच्या वाळवंटातल्या कुंड, टाकी आणि बावड्यांबद्दल बोलले. भाषण लांब असलं तरी त्याचे तुकडे छान पडतात. उच्चार भारतीय आहे, हाही फायदाच. पहिल्या महिन्यात कानाला धीर येऊ द्यावा. अमेरिकन आणि ब्रिटिश उच्चार नंतर आणावेत, पण आणावेत नक्की. शिक्षणशास्त्राच्या मुलांना सुगत मित्रा यांचं भाषण भावतं. १९९९ साली दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवून त्यांनी जो प्रयोग केला, त्याची गोष्ट त्यात येते. हान्स रोसलिंग यांचं २००६चं आकडेवारीवरचं भाषण मी तिसऱ्या महिन्यापर्यंत राखून ठेवते. उच्चार स्वीडिश आहे, आलेखातले फुगे हलायला लागले की ते क्रिकेटच्या समालोचकासारखे सुसाट सुटतात. पण पडद्यावर आलेख दिसत असल्यामुळे भूगोल आणि संख्याशास्त्राची मुलं तग धरतात.

भाषणाचा वेग तपासायचा एक सोपा मार्ग आहे. टेडच्या साइटवर बहुतेक भाषणांची संहिता असते. ती उतरवून शब्द मोजा आणि मिनिटांनी भागा. दहा मिनिटांत १३०० शब्द असतील तर मिनिटाला १३० झाले, सुरुवातीला तेवढं ठीक आहे. १७०च्या पुढचं भाषण दिवाळीनंतर घ्या. हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत, तुमच्या वर्गाप्रमाणे बदला.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. निवडलेला तुकडा आधी स्वतः, चित्र न बघता, दोनदा ऐका. जिथे तुमचाच कान अडखळेल, तिथे वर्ग शंभर टक्के अडखळणार. ती जागा मिनिट-सेकंदासह वहीत टिपून ठेवा.

वर्गातली तयारी

आवाज हा या तासाचा फळा आहे. प्रोजेक्टरचे किंवा लॅपटॉपचे आतले स्पीकर साठ मुलांच्या वर्गाला पुरत नाहीत. एक बरा ब्लूटूथ स्पीकर घ्या, तो टेबलावर न ठेवता वर्गाच्या मध्ये, उंचावर ठेवा आणि तास सुरू होण्याआधी स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन ऐका. पंख्यांचा आवाज 'स', 'फ', 'ट' आणि 'थ'सारखी बारीक व्यंजनं गिळून टाकतो, आणि इंग्रजीत अनेकवचन आणि भूतकाळ नेमके त्यांच्यातच असतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पंखा बंद करा असं कुणालाही सांगवत नाही. म्हणून हा तास सकाळी पहिला मागून घ्या, आणि ऐकायच्या तीन मिनिटांपुरताच पंखा बंद करा.

नेटवर विसंबू नका. टेडच्या ॲपमध्ये भाषण आधीच उतरवून ठेवता येतं. तुकडा कापून वेगळी फाईल मात्र करू नका. ही भाषणं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्यावर दिलेली आहेत, त्यात श्रेय द्यावं, धंदा करू नये आणि मूळ भाषणात बदल करू नये अशा तीन अटी आहेत. वहीतल्या वेळेवर थेट जाऊन तिथून वाजवलं की काम भागतं. यूट्यूबवर संगणकाच्या कीबोर्डवरचा 'के' दाबला की व्हिडिओ थांबतो, 'जे' दाबला की दहा सेकंद मागे जातो, डावा बाण पाच सेकंद मागे नेतो. या तीन कळा बोटांवर बसल्या की माउसशी झटापट उरत नाही. टेडच्या साइटवर तर संहितेतल्या वाक्यावर क्लिक केलं की भाषण तिथूनच सुरू होतं.

तास कसा घ्यावा

ऐकण्याआधी पाच-सात मिनिटं विषयात शिरा. पाण्याच्या भाषणाआधी मी विचारते, "तुमच्या गावात पावसाचं पाणी कुठं साठतं?" आड, बारव, शेततळं, उजनीचा कालवा असं काय काय येतं. बोलणं मराठीतच होऊ द्या. मग या तुकड्यात कोणते इंग्रजी शब्द येतील याचा अंदाज करायला सांगा. नवे शब्द चार-पाचच द्या, आणि तेही ज्यांच्यावाचून गाडी अडेल तेच. कोणते द्यावेत हे ठरेना, तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली केलेली ५७० शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द मिळून एक कूळ) यादी बघा. ती विद्यापीठीय इंग्रजीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांचीच आहे. पण शब्द फळ्यावर लिहून थांबू नका, तोंडानं म्हणा आणि म्हणवून घ्या. आपण 'ॲनालिसिस' म्हणतो, भाषणात 'अनॅलिसिस' येतं. आपलं 'फोटोग्राफी' तिथं 'फटॉग्रफी' होतं, 'व्हेजिटेबल'चं 'व्हेज्टबल' होतं. शब्द येत असूनही निसटतो तो इथेच.

पहिल्यांदा ऐकताना पेन खाली, सबटायटल बंद, प्रश्न एकच: हा माणूस काय म्हणतोय? तीन मिनिटं संपली की शेजाऱ्याशी बोलायला दोन मिनिटं द्या, ज्याला जी भाषा जवळची त्या भाषेत. काही ज्येष्ठ सहकारी इथे हरकत घेतात की इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला. माझं मत स्पष्ट आहे. ऐकलेलं इंग्रजीतूनच सांगायला लावलं, तर ऐकणं बाजूला राहून बोलण्याची परीक्षा होते, आणि समजलेलं मूलही गप्प बसतं.

दुसऱ्यांदा ऐकताना वळणं पकडायची. जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगायला कीर्तनापेक्षा चांगला दाखला नाही. कीर्तनकार अभंग घेतात, एकेक चरण सोडवतात, मध्ये प्रमाण देतात, दृष्टांत सांगतात आणि पुन्हा चरणावर येतात. "म्हणून तुकोबाराय म्हणतात" असं आलं की दृष्टांत संपला, मुद्दा परत आला, हे पंढरपूरच्या लहान पोरालाही कळतं. इंग्रजी वक्ताही अशा खुणा पेरत जातो. 'लेट मी गिव्ह यू ॲन एक्झाम्पल' म्हटलं की दृष्टांत सुरू झाला. 'सो व्हॉट धिस मीन्स इज' आलं की चरणावर परतला. 'नाऊ' असं म्हणून थांबला तर नवा चरण. 'बट' जोरात आलं तर आतापर्यंतचं सगळं पूर्वपक्ष होतं, खरं म्हणणं आता येणार. मुलांना फक्त हात वर करायला सांगा: दृष्टांत आला की डावा, मुद्दा आला की उजवा. साठ हातांकडे बघून वर्ग कुठे आहे ते तुम्हाला लगेच दिसतं.

तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि वेळ कमी पडला की नेमका हाच गाळला जातो. तुमच्या वहीतला वीस सेकंदांचा अवघड भाग घ्या आणि त्यातलं एकच वाक्य तीन-चार वेळा वाजवा. मुलांनी ऐकू आलं तसं लिहायचं, न कळलेल्या जागी रेघ ओढायची. मग संहितेतलं वाक्य फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला आपली रेघ कुठे पडली ते बघू द्या. रेघेची कारणं तीनच असतात. एक, शब्दच माहीत नव्हता. दोन, शब्द माहीत होता पण आवाज ओळखला नाही. तीन, सगळे शब्द ऐकू आले पण वाक्याचा अर्थ जुळला नाही. मुलांनी रेघेशेजारी १, २ किंवा ३ लिहायचं. माझ्या वर्गात २ सर्वांत जास्त येतो, आणि तो बघून मुलांना हायसं वाटतं. आपलं इंग्रजी कच्चं आहे अशी त्यांची समजूत असते, कान फक्त नवा आहे हे त्यांना स्वतःच्याच वहीत दिसतं.

उत्तराचे पर्याय देऊन टिक करायला लावणारे प्रश्न हे काम करत नाहीत. मुलगा चुकला एवढंच त्यातून कळतं, का चुकला ते कळत नाही.

या टप्प्यात 'कॅन' आणि 'कान्ट'ची जोडी एकदा तरी घ्या. अमेरिकन वक्ता 'कॅन्ट' म्हणताना शेवटचा 'ट' बहुतेक वेळा स्पष्ट उच्चारतच नाही. मुलं 'ट'ची वाट बघत बसतात आणि नकाराचा होकार करून घेतात. फरक मधल्या स्वरात ऐकायचा असतो: होकारातलं 'कॅन' दबून 'क्न' होतं, नकारात 'ॲ' पूर्ण वाजतो.

चौथ्यांदा सबटायटल लावून, वेग न बदलता, पूर्ण तुकडा. आता वाचलं तरी चालतं, कारण कानानं आपलं काम आधी केलेलं असतं. सबटायटल माणसानं केलेलं आहे की यंत्रानं, ते आधी बघा. यूट्यूबचं आपोआप येणारं सबटायटल भारतीय नावांची आणि उच्चारांची मोडतोड करतं, आणि मुलं छापील दिसलं की तेच खरं मानतात.

वेगाबद्दल दोन शब्द. ०.७५ वर एखादं वाक्य ऐकवायला हरकत नाही, पण लगेच मूळ वेगावर परत या. ०.५ वर आवाज ताणला जातो आणि ज्या दबलेल्या अक्षरांची सवय करायची, तीच विस्कटतात.

आकडे

यावर मी एक पूर्ण तास देते. इंग्रजी भाषणात मिलियन आणि बिलियन येतात, आपलं डोकं लाख-कोटीत चालतं. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. हा हिशेब मनात करेपर्यंत वक्ता दोन वाक्यं पुढे गेलेला असतो. मुलांना ऐकताना रूपांतर करू देऊ नका. '३ मि' किंवा '२ बि' एवढंच लिहून पुढे ऐकत राहायचं, कोटी नंतर करायचे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'सारख्या जोड्यांत जोर कुठल्या अक्षरावर आहे ते ऐकायला शिकवा, शेवटचा 'न' नेहमी हाती लागत नाही. रोज पाच आकडे श्रुतलेखनासारखे घेतले तर महिन्याभरात फरक दिसतो.

टिपणं

मुलं प्रत्येक शब्द लिहायला जातात आणि तिसऱ्या वाक्याला हरवतात. कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी रुजवलेली पानाची विभागणी मला सगळ्यात सोपी वाटते. उजवीकडे रुंद जागा, तिथे ऐकताना लिहायचं. डावीकडे अरुंद पट्टी, तिथे नंतर प्रश्न किंवा खुणेचे शब्द. तळाशी दोन-तीन ओळी सोडायच्या, त्यात सगळ्याचं सार. बाण, बरोबरचं चिन्ह, मराठी शब्द, अर्धे शब्द, सगळं चालतं. 'पाणी ↑ लोक ↓' अशी टिपणं मी उत्तम मानते, त्यात ऐकलेलं समजल्याची खूण असते. टिपणाला इंग्रजी शुद्धलेखनाचे गुण कापू नका.

घरचा अभ्यास

इथे थोडं जपून. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच असतो, तो वडिलांबरोबर कारखान्यात जातो आणि रात्री भावाकडे असतो. आई दिवसभर विड्या वळते, त्यात मुलीचाही हात लागतो. "घरी जाऊन व्हिडिओ बघा" हा गृहपाठ सगळ्यांना सारखा पडत नाही. कॉलेजच्या संगणक कक्षात आठवड्यातून एक तास राखून घ्या. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी रोज दहा मिनिटं एकच काम करावं: ओळखीच्या तुकड्यातलं एकेक वाक्य ऐकायचं आणि वक्त्याच्या मागोमाग, त्याच चालीत म्हणायचं. जो आवाज तोंडातून एकदा निघाला, तो कान पुढच्या वेळी ओळखतो.

भाषणाकडून व्याख्यानाकडे

ही पायरी विसरली जाते, म्हणून थोडं आग्रहानं सांगते. टेडचा वक्ता आठवडेच्या आठवडे तालीम करून आलेला असतो. वर्गातले प्राध्यापक अडखळतात, वाक्य अर्धं सोडतात, फळ्याकडे तोंड करून बोलतात, विषयांतर करतात. फक्त टेडवर तयार झालेला कान खऱ्या वर्गात पुन्हा गोंधळतो. साधारण तिसऱ्या महिन्यापासून मी एनपीटीईएलकडे वळते. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३मध्ये सुरू केलेला हा उपक्रम, आणि त्यात खरीखुरी, पूर्ण लांबीची व्याख्यानं आहेत. मुलांच्याच विषयातलं घ्या: रसायनशास्त्राच्या मुलांना रसायनशास्त्र. तुकडा पुन्हा तीन मिनिटांचाच, टप्पे तेच. मग पाच मिनिटं, मग दहा. वर्ष संपता संपता वीस मिनिटांचं सलग व्याख्यान एकदाच ऐकून टिपण काढता आलं, तर पहिल्या वर्षासाठी मी ते भरपूर समजते.

प्रगती मोजायला वेगळी परीक्षा लागत नाही. जूनमध्ये ज्या एका मिनिटाचं श्रुतलेखन घेतलंत, तो कागद जपून ठेवा. मध्ये तो तुकडा वर्गात वाजवू नका. मार्चमध्ये तोच तुकडा पुन्हा घ्या, दोन्ही कागद मुलाच्या हातात द्या आणि रेघा त्याला स्वतःलाच मोजू द्या.